टाचेतली किल्ली

ऑस्ट्रियातल्या लिओगांग इथं २०१५ साली डाउनहिल वर्ल्ड कपची फेरी होती. अमेरिकेचा ॲरन ग्विन सुरुवातीच्या फाटकातून सुटला, त्यानं जोर लावला आणि तिथंच त्याच्या सायकलची चेन तुटली. डाउनहिल म्हणजे डोंगराच्या वरच्या टोकापासून पायथ्यापर्यंत घड्याळाशी लावलेली झुंज. सेकंदाच्या बारीकशा तुकड्यावर इथले निकाल फिरतात. चेनच नाही म्हटल्यावर ग्विन बाजूला झाला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. पण तो तसाच खाली निघाला, उरलेला सगळा उतार त्यानं पॅडल मारल्याविना पार केला, आणि ती शर्यत जिंकली.

त्या शर्यतीचं चित्रीकरण पाहताना माझी नजर त्याच्या पायांवरून हलत नाही. पॅडलचं जे काम आपण लहानपणापासून ओळखतो, ते चेन तुटली त्या क्षणीच संपलं होतं. दुसरं काम मात्र खाली पोचेपर्यंत अखंड चालू होतं. अशा उतारावर सायकलस्वार सीटवर बसत नाही, उभा असतो. हातात हँडल, पायाखाली दोन पॅडलं, बाकी कशाचाच आधार नाही. शरीराचं बहुतेक वजन पायांवर. दगडधोंड्यांतून सायकल उसळते, घसरते, हवेत जाते, आणि ही सगळी उलथापालथ माणसाला कळते ती तळव्यांतून. तिला आवर घालायचा तोही बराचसा तिथूनच. ग्विनच्या बुटांच्या तळाशी, चवड्याखाली, धातूचा एक लहानसा तुकडा बसवलेला होता. त्याला क्लीट म्हणतात. पॅडलमध्ये स्प्रिंगचा एक जबडा असतो आणि क्लीट त्यात खटक्यानं अडकते. या जातीची पॅडलं म्हणजे क्लिपलेस पॅडलं.

माउंटन बाइक चालवणारे चार जण एकत्र आले की क्लिपलेस की फ्लॅट हा विषय निघतोच. फ्लॅट म्हणजे रुंद, सपाट पॅडल; दोन्ही अंगांना बारीक खिळ्यांसारख्या पिना, वर रबरी तळाचा बूट, बांधणी कसलीच नाही. दोन्ही बाजूंना जगज्जेते आहेत, दोन्ही बाजूंना हट्टी माणसं आहेत. मला मात्र वाटतं, हा वाद बहुतेक वेळा चुकीच्या मुद्द्यावर लढला जातो. लोक ताकदीबद्दल बोलतात. या पॅडलांची खरी किमया आहे सायकल पायाखालून निसटू पाहते त्या क्षणात.

तरी ताकदीचं आधी बघून घेऊ. क्लिपलेसच्या बाजूनं हमखास सांगितली जाणारी गोष्ट अशी: बूट पॅडलला जोडलेला असला की पाय खाली दाबताना जोर लागतोच, शिवाय वर येतानाही तो पॅडलला ओढू शकतो, म्हणजे अर्धा फेरा वाया जात नाही. ऐकायला अगदी पटतं. शरीराचा हिशेब मात्र वेगळा आहे. पाय खाली रेटणारे स्नायू, नितंबांचे आणि मांडीच्या पुढच्या बाजूचे, हे आपल्या देहातले दांडगे स्नायू आहेत. मांडी वर उचलणारे स्नायू त्यांच्यापुढे फारच लहान. त्यातून पाय उचलण्याचा भार वाटतो तेवढा नसतोच. सत्तर किलोच्या माणसाचा एक पाय साधारण अकरा किलोंचा भरतो. पण दोन्ही पाय एकाच क्रँकच्या दोन टोकांना असतात, त्यामुळे खाली जाणाऱ्या पायाचं वजन वर येणाऱ्या पायाला आपोआप उचलत असतं. समतल रस्त्यावर, सावकाश लयीत चाललेला पट्टीचा सायकलपटूही वर येताना पॅडल ओढत नाही. त्याचा पाय पॅडलवर थोडासा रेललेलाच असतो. दुसरा पाय त्याला वर आणतो.

कॉर्फ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली हे मोजून पाहिलं. सायकलपटूंना आधी त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं पॅडल मारायला लावलं, मग गोल फिरवण्यावर लक्ष देऊन, मग वर ओढण्यावर, मग खाली दाबण्यावर. मुद्दाम वर ओढल्यावर पॅडलवरचा जोर जास्त नेमक्या दिशेनं पडला खरा, पण तेवढ्याच कामासाठी शरीरानं जास्त ऊर्जा जाळली. कोलोराडो विद्यापीठातल्या स्ट्रॉ आणि क्रॅम यांनी २०१६ साली पॅडलांचीच तुलना केली: धावण्याचे साधे बूट आणि फ्लॅट पॅडल, तेच बूट आणि पट्ट्याची पॅडलं, कडक तळाचे सायकलिंगचे बूट आणि क्लिपलेस. मध्यम जोरानं सायकल चालवताना शरीराच्या इंधनखर्चात फरक दिसला नाही. शेकडो सायकलस्वारांनी मनाशी धरलेली खात्री प्रयोगशाळेत अशी विरघळून जावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण गोष्ट तिथं संपत नाही. क्रॅम यांनीच बर्न्स यांच्याबरोबर २०२० साली चढावरची छोटी, जीव तोडून मारलेली धाव तपासली. तिथं कडक बूट आणि क्लिपलेस या जोडीनं ताकद स्पष्टपणे वाढली. म्हणजे निवांत चालीत फायदा शून्य, आणि सर्वस्व ओतायच्या काही सेकंदांत मोठा. हे पटण्यासारखं आहे. सगळा जीव लावताना पाय इतका वेगानं आणि बळानं फिरतो की फ्लॅटवरून तो निसटण्याची धास्ती असते, आणि शरीर नकळत थोडा हात राखून काम करतं. बीएमएक्सच्या शर्यतीत फाटक पडल्यापासून पहिल्या काही फेऱ्यांवरच पुढचं बरंच ठरतं. तिथले अव्वल स्पर्धक जवळपास सगळे पाय जोडूनच उतरतात, ते याचसाठी. माउंटन बाइकवर असे क्षण येतात ते खड्या चढणीवर: वेग मेलेला, क्रँक वर-खाली उभा, पुढं दगडाची पायरी. तिथं जोडलेला पाय मागच्या मागं ओढून क्रँकला त्या अडलेल्या जागेतून पार करता येतं.

आता त्या जबड्याकडे येऊ. मला हे यंत्र विलक्षण सुंदर वाटतं, आणि ते नीट समजून घेतल्याशिवाय त्याचे गुणदोष कळत नाहीत.

शिमानोच्या एसपीडी जातीचं पॅडल घ्या. पुढं एक स्थिर आकडा, मागं स्प्रिंगनं दाबून धरलेला हलता जबडा. क्लीट पुढच्या बाजूला चोचीसारखी निमुळती. ती चोच आधी पुढच्या आकड्याखाली सरकवायची आणि मग चवड्यानं खाली दाबायचं. क्लीटची मागची कड तिरकी घासलेली असते. ती जबड्याला मागं रेटते, स्प्रिंग आवळते, क्लीट खाली बसते, जबडा उडी मारून तिच्यावर येतो. खट्ट. खटक्याचं कुलूप जसं नुसतं दाबून बंद होतं, किल्ली लागते ती फक्त उघडताना, तसंच हे. आणि ही किल्ली आहे आपली टाच.

पाय सरळ वर ओढा, क्लीट सुटत नाही. जबड्याची कड तिच्यावर आडवी बसलेली असते. ओढ वरच्या दिशेनं, जबडा सरकणार मागच्या दिशेनं. त्या ओढीला स्प्रिंगशी भांडायची नीट संधीच मिळत नाही. पण टाच बाहेरच्या बाजूला वळवा. क्लीट जागच्या जागी फिरते, तिचे मागचे कोपरे जबड्याला मागं ढकलू लागतात, आणि ठरावीक कोन ओलांडला की क्लीट बाजूनं बाहेर. क्लीट चवड्याखाली आहे आणि टाच तिच्यापासून वीतभर लांब, हीच यातली गंमत. तेवढ्या लांबीची तरफ मिळाल्यामुळे टाचेच्या हलक्या झटक्यालाही स्प्रिंग उघडण्याइतकं बळ येतं. अंगाचा सगळा भार टाकून जे उघडत नाही, ते पायाच्या एका वळणानं उघडतं. कुठल्या दिशेच्या बळाला नाही म्हणायचं आणि कुठल्या दिशेच्या बळाला हो, हे धातूच्या दोन-तीन तिरक्या कडांमध्ये कोरून ठेवलेलं आहे.

ही कल्पना आली बर्फातून. स्कीवरून घसरताना पाय पिळवटला गेला तर नडगीचं हाड मोडतं. म्हणून बूट स्कीला घट्ट धरून ठेवणारी, पण पिळाचं बळ वाढलं की सोडून देणारी बांधणी शोधली गेली. फ्रान्समधल्या नेव्हेर गावच्या लुक कंपनीनं, ज्याँ बेलच्या कल्पकतेवर, यातच नाव कमावलं होतं. तोच विचार तिनं १९८४ साली सायकलच्या पॅडलला लावला. मला इथं एक उलटापालट दिसते आणि ती मोहवते. स्कीच्या बांधणीनं माणसाला न विचारता सुटायचं असतं. पॅडलनं सुटायचं ते माणसानं ठरवल्यावर. यंत्र जवळपास तेच, पण निर्णय कुणी घ्यायचा ते बदललं.

त्याआधी शर्यतीतले सायकलपटू पाय पट्ट्यानं बांधत. पॅडलच्या पुढं धातूचा पिंजरा, त्याला टो-क्लिप म्हणत, आणि त्यातून ओवलेला चामडी पट्टा. सुटायचं तर वाकून हातानं पट्टा ढिला करायचा. इटलीतल्या चिनेल्लीनं १९७१च्या सुमारास पट्ट्याविना बूट धरून ठेवणारं पॅडल काढलं होतं, पण त्याचीही कळ हातानंच सरकवावी लागे. पडता पडता कुणाचा हात पॅडलपर्यंत पोचणार? लुकच्या पॅडलनं हाताचं काम टाचेला दिलं, आणि १९८५ साली बर्नार इनोनं तीच पॅडलं वापरून पाचव्यांदा टूर द फ्रान्स जिंकली. त्यानंतर थोड्याच वर्षांत रस्त्यावरच्या शर्यतींतून पट्टे हद्दपार झाले.

डोंगरात ते पॅडल चाललं नसतं. लुकची क्लीट प्लास्टिकची, मोठी, तळव्याबाहेर आलेली. ती घालून चार पावलं चालणंही अवघड. आणि डोंगरात सायकलवरून उतरून चालावं लागतंच. शिमानोनं १९९० साली काढलेल्या पीडी-एम७३७ या पॅडलनं हा प्रश्न सोडवला. क्लीट धातूची आणि अगदी लहान केली, दोन बोल्टनी बसणारी, आणि बुटाच्या जाड रबरी तळात खाच करून ती आत दडवली. चालताना जमिनीला रबर टेकतं, क्लीट फारशी नाही. पॅडल दोन्ही बाजूंनी सारखं, त्यामुळे खाली न बघता पाय घालता येतो. आज बाजारात असलेली बहुतेक माउंटन बाइकची पॅडलं याच दोन बोल्टांच्या खाचेवर उभी आहेत.

आता तो क्षण, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. घर्षणाला वजन लागतं. फ्लॅट पॅडलच्या पिना बुटाच्या रबरात रुततात त्या पायाचा भार त्यांच्यावर असतो तोवरच. सायकल दगडावर आदळली, पुढच्या क्षणी पायाखालची जमीन खाली गेली, आणि माणूस व सायकल दोन्ही हवेत मोकळी पडू लागली की पाय आणि पॅडल यांच्यातला दाब शून्यावर येतो. पकडही शून्यावर. पिना कितीही तीक्ष्ण असोत, रबर कितीही चिकट असो, त्या निमिषात ते काही धरून ठेवत नाही. दगडांच्या पट्ट्यातून जोरात जाताना असे निमिष एकामागून एक येतात. मागचं चाक वर उसळतं, पॅडल पायाला झटका देतं आणि लगेच पायाखालून खाली निघून जातं. पाय तरंगतो, परत टेकतो तेव्हा दोन बोटं बाजूला टेकलेला असतो. क्लिपलेसला वजनाची गरजच नाही. जबडा भार बघत नाही, फक्त दिशा बघतो. म्हणून ग्विनचे पाय त्या उतारावर जागचे हलत नव्हते. शांत राहिलेल्या पायामुळे डोकं मोकळं राहतं, आणि ते पुढच्या वळणाकडे लावता येतं. ताकदीपेक्षा हा लाभ मला कितीतरी मोठा वाटतो.

मग फ्लॅटवाले पडत कसे नाहीत? ते हरवलेला भार स्वतः तयार करतात. टाच खाली टाकायची, म्हणजे पॅडलचा दणका आला की पाय मागं सरकण्याऐवजी पॅडलमध्ये आणखी रुततो. गुडघे आणि कंबर सैल ठेवायची, म्हणजे सायकल खाली गेली की पाय तिच्या मागोमाग लांब होतात आणि दाब तुटत नाही. उडी मारताना याउलट: चवडे खाली झुकवून, पॅडल पायानं मागं खरवडत, हातांच्या रेट्याविरुद्ध सायकल अडकवून वर घ्यायची. कशालाही न बांधलेली सायकल माणसाच्या पायाबरोबर हवेत उठते, यामागं निव्वळ कोन आणि वेळ यांची समज आहे. क्लिपलेसवर हीच उडी पाय नुसते वर ओढून मारता येते. सोपं पडतं, आणि तिथंच तोटा होतो. पाय ओढून शिकलेल्याला सायकलच्या उसळीचं मर्म समजत नाही. कौशल्य शिकायचं असेल तर फ्लॅटवर शिकावं, असं प्रशिक्षक सांगतात, आणि मला ते पूर्णपणे पटतं.

या कलेचा सर्वांत मोठा उपासक ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल. त्याच्या काळात डाउनहिलच्या वरच्या फळीतले बहुतेक जण क्लिपलेसकडे गेले होते. तो फ्लॅटवरच राहिला, आणि २००६, २००७ व २०१० साली डाउनहिलचा जगज्जेता झाला. स्वित्झर्लंडमधल्या शाँपेरीची २००७ची शर्यत अजून सांगितली जाते. तिथला मार्ग भिंतीसारखा उभा. आधीचे बरेच स्पर्धक कोरड्यात उतरून गेले, आणि हिलची पाळी आली तेव्हा पावसानं झोडपायला सुरुवात केली होती. त्या चिखलात तो ज्या वेगानं आला, त्यानं त्याला तिसरा क्रमांक मिळाला. पुढच्या वर्षी इटलीत वाल दि सोलेच्या जागतिक स्पर्धेत तो स्पष्ट आघाडीवर असताना शेवटाजवळच्या वळणात घसरून पडला, उठला, आणि तरीही कांस्यपदकापर्यंत पोचला. हिलचं वळण घेणं बघण्यासारखं. आतला पाय पॅडलवरून काढून जमिनीच्या दिशेनं पसरायचा, पुढचं चाक घसरू द्यायचं, तोल त्या पायावर सांभाळायचा, आणि वळण संपताच पाय परत जागेवर. क्लिपलेसवरही पाय काढता येतो, पण परत अडकवायला चोच आकड्याखाली नेमकी सापडावी लागते. फ्लॅटवर पाय नुसता टेकवायचा. ही सगळी उताराचीच बात, असं कुणी म्हणेल. पण हिल पुढं एन्ड्युरोत उतरला. तिथं उतारांवर वेळ मोजली जाते आणि मधले चढ स्वतःच्या पायांनी चढायचे असतात. २०१७, २०१८ आणि २०१९, अशी लागोपाठ तीन वर्षं त्यानं एन्ड्युरो वर्ल्ड सिरीजचं विजेतेपद घेतलं. फ्लॅटवर.

त्याच्या पायांतल्या बुटांचीही एक कथा आहे. फाइव्ह टेन ही मुळात कडे चढणाऱ्यांसाठी बूट करणारी कंपनी. कातळाला चिकटून राहील असं तिचं स्टेल्थ नावाचं रबर दाबलं की सावकाश पूर्ववत होतं, चेंडूसारखं उसळून परत येत नाही. पॅडलचा झटका आला की असं रबर तो जिरवतं आणि पिना त्यात रुतलेल्या राहतात. क्लिपलेस बर्फातून आलं, तर फ्लॅटची आजची पकड कातळावरून.

आपल्याकडचं सांगायचं, तर सह्याद्रीत या दोन्ही पॅडलांची कसून परीक्षा होते. पावसाळ्यात जांभ्याची तांबडी माती बुटाला थापून बसते. क्लीटच्या खाचेत ती दाटली की चोच आकड्याखाली जात नाही आणि पाय जबड्यावर नुसता घसरत राहतो. चिखलासाठी क्रँक ब्रदर्सचं एगबीटर हे पॅडल नामी आहे: आसाभोवती तारेच्या चार कमानी, चारही बाजूंनी पाय अडकतो, आणि सगळं इतकं उघडं की चिखलाला बसायला जागा मिळत नाही. त्याच्या क्लीट पितळेच्या असतात. पितळ मऊ, म्हणून झीज होते ती क्लीटची, पॅडल वाचतं. पण क्लीट वेळेवर बदलावी लागते. दुसरा प्रश्न सायकल खांद्यावर घेऊन चढण्याचा. घाटवाटेवर तो प्रसंग कुणाला चुकत नाही. शेवाळलेल्या कातळावर कडक तळव्याचा बूट वाकत नाही, आणि क्लीटचं लोखंड टेकलं की पाय सरकतो. इथं फ्लॅटचा मऊ रबरी बूट निर्विवाद सरस. त्या बदल्यात फ्लॅटच्या पिना नडग्यांवर आपली सही ठेवून जातात. ज्यांनी तो मार खाल्ला आहे त्यांना वर्णन नको.

गुडघ्यांचा विचार क्लिपलेस घेताना आधी करावा. फ्लॅटवर पाय दर काही क्षणांनी नकळत जागा बदलतो, गुडघ्याला सोयीचा कोन आपणच शोधतो. क्लीट बसवली की तो कोन पक्का झाला. थोडी वाकडी बसली आणि तशी हजारो वेळा फिरली की गुडघा दुखू लागतो. म्हणून आजच्या क्लीट बांधलेल्या असूनही सुटण्याआधी थोड्या डावी-उजवीकडे हलतात. शिमानोच्या नेहमीच्या क्लीटला सुमारे चार अंशांची ही मोकळीक असते. बूट मांडीवर घेऊन, आपले पाय चालताना नैसर्गिकपणे किती बाहेर वळतात ते पाहून, क्लीट सवडीनं बसवावी. उतारावर जास्त रमणारे ती थोडी टाचेकडे सरकवतात. पोटऱ्यांवरचा ताण कमी होतो.

राहिली भीती. नवख्या माणसाला क्लिपलेसची धास्ती वाटते ती जोरात पडण्याची, पण जोराच्या पडण्यात अंग असं पिळवटतं की पाय बहुधा आपोआप सुटतात. खरा धोका थांबताना. तोल चालला की पाय वर उचलून बाजूला टेकवायचा, ही खूण आपल्या शरीरात चालायला शिकल्यापासून पक्की आहे. नेमकी तीच ओढ जबडा नाकारतो. त्याला हवी टाचेची बाहेरची वळवण, आणि घाबरलेल्या क्षणी ती आठवायला वेळ नसतो. माणूस सायकलसकट, जागच्या जागी, आडवा होतो. डोंगरात हे चढणीवर घडतं: पुढचं चाक पायरीला अडतं आणि पाऊण सेकंदात सगळं ठरतं. एका अंगाला दरी असलेल्या पाऊलवाटेवर चढताना डोंगराच्या बाजूचा पाय आधीच मोकळा करण्याची सवय लावून घ्यावी, इतकं हे गंभीर आहे. दिलासा असा की नवी हालचाल पुरेशी घोटली की ती विचारातून उतरून अंगात जाते. काही दिवसांनी पाय टेकवायचा म्हटलं की टाच आधी वळलेली असते, आपल्याला कळण्याच्या आत. एका यंत्राच्या दोन तिरक्या कडांसाठी मेंदू इतकी जुनी खूण बदलून घेतो, हे मला त्या यंत्राइतकंच अद्भुत वाटतं.

मग घ्यावं काय? माउंटन बाइक नव्यानं शिकणाऱ्यानं फ्लॅटच घ्यावं, चांगल्या पिनांचं, आणि त्यासोबत चांगल्या रबराचा बूट. पॅडलवर पैसे घालून बुटावर वाचवण्यात अर्थ नाही. वळणं, उड्या, टाच खाली टाकणं त्यावर अंगवळणी पडू द्यावं. लांब पल्ल्याच्या चढ-उतारांच्या वाटा, क्रॉस-कंट्रीच्या शर्यती, दगडांचे लांबच लांब पट्टे हे ज्यांचं रोजचं अन्न, त्यांनी पुढं क्लिपलेसकडे यावं. तोवर शिकलेलं सगळं त्यांच्या बरोबर येईल. ज्यांना घसरड्या वाटा आणि सायकल खांद्यावर घेऊन भटकणं आवडतं, त्यांनी फ्लॅटवर आयुष्य काढलं तरी काही गमावलं नाही. मधला मार्गही आहे: मध्ये जबडा आणि भोवती रुंद सपाट चौकट. पाय अडकला नाही तरी टेकायला जागा मिळते, म्हणून उतारावरचे क्लिपलेसवाले बहुधा हीच पॅडलं निवडतात.

क्लिपलेस घेतलं तर पहिले काही दिवस स्प्रिंग सगळ्यात ढिली ठेवावी. पॅडलवरचा छोटा स्क्रू ॲलन कीनं फिरवला की ती सैल किंवा घट्ट होते. शिमानोची अनेक दिशांनी सुटणारी क्लीट मिळते, टाच तिरकी वर झटकली तरी ती मोकळी होते. सुरुवातीला तीच बसवावी. हिरवळीवर किंवा भिंतीचा आधार घेऊन पाय घालायचा आणि काढायचा सराव करावा. आणि एक गोष्ट विसरू नये. क्लीटचे दोन्ही बोल्ट पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा आवळावेत, नंतरही अधूनमधून तपासावेत. त्यातला एक गळून पडला की क्लीट बुटाखाली स्वतःभोवती फिरू लागते. टाच कितीही वळवा, बूट फिरतो, क्लीट जबड्यात जागची हलत नाही, आणि पाय अडकून राहतो. तसं झालंच तर ओढाओढ करू नये. डोंगराच्या बाजूला तोल टाकावा, दुसरा पाय टेकावा, बुटाचे बंद सोडावेत, आणि बूट पॅडललाच ठेवून पाय बाहेर काढावा.